बरण्यांतली वाळवंटाची माती
ऐन संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, चिंचपोकळीच्या आमच्या चाळीतले शेजारी, कॉलेजात शिकवणारे मास्तर, राजस्थानातून आणलेल्या मातीच्या बंद बरण्या सांभाळत बसायचे. मोर्चाला बोलावलं की माझ्यापुढे व्याख्यान सुरू.

"अरे, निव्वळ वाळूत जंतू कमी. थोडी चिकणमाती असली की ओल टिकते, मग ते तगतात. बरणी उघडली तर इथले जंतू शिरतील, वर्षाचं काम जाईल."

"मास्तर, बाहेर गोळ्या चालतायत!" माझं डोकंच फिरायचं.

एकदा पोलीस झडती घेत जिना चढले. मास्तरांनी माझी पत्रकं हिसकावून बरण्यांत कोंबली, वर माती लोटली.

पोलीस गेल्यावर उघड्या बरण्यांकडे बघत म्हणाले, "मोर्चा किती वाजता रे? आता मी मोकळाच आहे."