क्लोरीन खातंय कोण?

लॅबवाल्या काकूंचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नाही, भाजीवाल्याच्या काट्यावर नाही. काकांनी "गोळी घेतली" म्हटलं की त्या म्हणायच्या, "जीभ दाखवा."

तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत विषारी वायू पाण्यात धुऊन मगच बाहेर सोडत. काकूंनी सगळी नोकरी त्या पाण्याची तपासणी करण्यात काढली. "वायूला पाण्यात मुरायला वेळ लागतो. घाई केली की तो तसाच निसटतो," असं त्या सांगायच्या. संशय तिथेच अंगात मुरला असावा.

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत मुलांना जुलाब सुरू झाले. माझ्या लेकीला तर सलाईन लावावं लागलं. कमिटीने खालच्या टाकीत क्लोरीन टाकलं. काकूंनी नमुना घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होतं. सगळे निर्धास्त झाले. तासाभराने काकूंनी पुन्हा पाहिलं, तर रंगच येईना.

"चांगल्या पाण्यात क्लोरीन इतकं झटकन संपत नाही, घाणीत संपतं," त्या म्हणाल्या. "खातंय कोण?"

पहिला संशय टाकी भरणाऱ्या टँकरवाल्यावर. तो भडकला, "मावशी, आपल्या पाण्यात खोट नाय. बालदीत घ्या, तुमीच बघा!" काकूंनी बादलीत क्लोरीन घालून झाकून ठेवलं. संध्याकाळी थेंब टाकले तरी पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन शाबूत होतं. "माझं चुकलं रे बाबा," म्हणत त्यांनी त्याला चहा पाजला.

म्हणजे घाण टाकीतच येत होती. टाकीला लागून शिंदेवहिनींनी नवं बाथरूम बांधलं होतं. वहिनी सोसायटीच्या सेक्रेटरी आणि काकूंची जिवलग मैत्रीण. काकू दिवसभर टाळत राहिल्या. मग मला सोबत घेऊन त्यांच्या दारात गेल्या.

"तुझी फरशी फोडून बघावी लागेल गं."

"माझ्यावर संशय? तू घेतेस?" वहिनींनी दार आपटलं.

पण सकाळी प्लंबर त्यांनीच बोलावला. फरशीखाली ड्रेनेजच्या पाइपचा जोड गळत होता, टाकीची भिंत ओली होती. पाइप बदलला, टाकी धुतली, मुलं बरी झाली. वहिनींनी मात्र काकूंशी बोलणं टाकलं. काकू लेकीकडे उलव्याला राहायला गेल्या, तेव्हाही वहिनी दाराबाहेर आल्या नाहीत.

पुढे बऱ्याच महिन्यांनी वहिनींनी मला जिन्यात थांबवलं. "उलव्याला कधी जाणार आहेस? मलाही ने."

काकूंनी दार उघडलं.  वहिनीच आधी म्हणाल्या, "मुलं खडखडीत आहेत गं सगळी."

काकू तिथेच, दाराची चौकट धरून, रडायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी प्रथमच पाहत होते.