मल्लय्यामामांच्या दुकानातला खड्डा

माणूस गेला की तो देवमाणूस होता, असं लिवायची रीत हाय. त्या हिशोबानं डोळे पुसायला उपरणं हाताशी घेऊन बसला असाल, तर घडी घालून ठेवून द्या. मल्लय्यामामा देवमाणूस न्हवते. ते विणकर होते, दुकानदार झाले, आन् दुकान त्यांना काय केल्या चालवता आलं न्हाय. गेल्या महिन्यात एका सकाळी त्यांच्या दुकानाच्या फळ्या उघडल्या न्हाईत. समोरच माझं सायकलचं दुकान, त्यामुळं सगळ्यांच्या आधी मला कळलं... तवापासनं म्हणतोय, कायतरी लिवावं.

मी सांगोल्याहून शुक्रवार पेठेत आलो तवा गल्लीत घराघरात माग होता. शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं, इतकी खटखट. मग गिरणीचं स्वस्त लुगडं आलं आन् बघता बघता एकेक माग सरपणात गेला. जितं माग, तितं दुकान. आता खटखट न्हाय. "या बाई, बसा बाई" एवढाच गलका. मामांनीबी माग मोडून कापडाचं दुकान घातलं. पण गादीवर मांडी घालून बसायला जमेना. हातमागाला जमिनीत खड्डा असतोय, विणणारा त्यात पाय सोडून बसतोय. मामांचे गुडघे जन्मभर तसेच वळलेले. शेवटी गादी गेली आतल्या खोलीत, आन् मामा त्या जुन्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी दाखवायला लागले. गिऱ्हाइकाला म्हणायचे, "सोडा की पाय, लई गार वाटतंय." बायकाबी विहिरीच्या काठावर बसावं तशा बसायच्या आन् मामींशी बोलत राहायच्या. मामी म्हंजे त्यांची बायको, नरसम्मा. मामा विणायचे तवा त्या त्याच काठावर बसून धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायच्या.

मला नकला येतात हे मामांना ठाऊक. एकदा म्हणाले, "त्या कोपऱ्यावरच्या शेटजींची कर बघू. शिकतो." मी केली, "बाई, हा रंग तुमच्यासाठीच जन्माला आलाय!" मामांनी दिवसभर घोकलं. संध्याकाळी एक बाई आली. मामांनी लुगडं उलगडलं, "बाई, हा रंग तुमच्यासाठीच..." म्हणाले, बोटांनी पोत चाचपला आन् आवाज खाली आला, "...पण घेऊ नका. वीण ढिली हाय." बाई हसत उठली. मामाबी हसले. तोट्यातला इतका सुखी माणूस मी दुसरा बघितला न्हाय.

पोरगा व्यंकटेश मात्र येवहारी. त्याला काचेची कपाटं पायजेत, कपाटांना सपाट जमीन पायजे. त्याचंबी चूक न्हाय; गल्लीत सगळ्यांनी खड्डे बुजवले, माझ्या सायकली बुजवलेल्या खड्ड्यावरच उभ्या हायत. मामा म्हणायचे, "मी हाय तवर न्हाय." आता मामा न्हाईत... परवा मुरमाची गाडी आली. मामींना कुणी इचारलं न्हाय. मामा गेल्यापासनं त्या दुपारी तितंच पाय सोडून बसायच्या. गाडी बघितली, पाय वर घेतले आन् आत चुलीपाशी गेल्या.

ते मला बघवेना. हळूच त्यांच्या दुकानात शिरलो. गड्यानं एक पाटी ओतली, दुसरी घेऊन वाकला, तेवढ्यात मी लुगड्यांच्या थप्पीमागनं मामांच्या आवाजात म्हणालो, "ए बाबा, थांब की जरा! माझे पाय हायत आत!"

गडी पाटी टाकून रस्त्यात. व्यंकटेश मटकन खाली बसला. मामी चुलीपासनं धावत आल्या, थप्पीमागं मी दिसलो, आन् सुरू झाल्या.

"अय्यो! मेल्या, गेलेल्या माणसाला कामाला लावतोस? तुझ्याच तोंडात मुरूम कोंबीन! आन् बोललास तेबी चुकीचं. ते आधी घसा खाकरायचे, मग बोलायचे. एवढी वर्षं समोर बसून काय ऐकलंस?" पदरानं डोळे पुसले आन् रिकामी पाटी माझ्या अंगावर भिरकावली. "हसतोस काय? धोतर खोच, उतर खाली. व्यंकटेशा, तूबी उतर. सगळा मुरूम वर पायजे. माझ्या पायाला एक खडा जरी टोचला, तर दोघांनाबी आज जेवाण न्हाय!"