सण नसलेल्या वर्षातली हेरगिरी

कोविडच्या वर्षी मे महिन्यात माझे सासरे पुण्यात वारले तेव्हा विमानं बंद होती. नवऱ्याने वडिलांचे अंत्यसंस्कार फोनवर पाहिले. मध्येच चित्र अडकलं, आणि पुन्हा हललं तोवर सगळं उरकलेलं होतं. त्यानंतर नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या आमच्या घरात तो वरच्या खोलीत राहू लागला. आधी ऑफिसच्या कामासाठी, मग ऑफिसने आजारपणाची रजा दिली तरी तसाच. जेवायला हाक मारली की "येतो" म्हणायचा आणि यायचा नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांना, इथल्या भाषेत हाउसआर्ट्सना, मी फोन करत राहिले. रोज चालायला पाठवा, वेळ लागतो, म्हणाले. मानसोपचारासाठी नाव घातलं. नंबर नव्या वर्षात लागणार होता.

यादी केल्याशिवाय मला काही सुचत नाही. त्या ऑक्टोबरात मी त्याला खाली आणू शकतील अशा गोष्टी लिहिल्या आणि एकेक खोडत गेले. बॅडमिंटन हॉल बंद. मित्रांना घरी बोलावणं बंद. दिवाळीचा प्रश्नच नव्हता, घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नाही. उरलं हॅलोविन.

"यंदा सण नाही," तो म्हणाला.

"अरे, तो आपला नाहीच. डचांचासुद्धा नाही. तेही उसनाच साजरा करतात."

"पळवाटा काढण्यात तुझा हात कोणी धरणार नाही."

कित्येक आठवड्यांतलं त्याचं हे सर्वांत लांब वाक्य होतं. मी ते होकार म्हणून घेतलं.

गल्लीच्या ग्रुपवर नियम ठरले होते. खिडकीत भोपळा असेल त्याच घरापुढे थांबायचं, मुलांचे छोटे गट करायचे, बेलला कोणी बोट लावायचं नाही. "मग कशालाही हात न लावता मुलं खेळणार काय?" मी खालून ओरडून विचारलं.

"हेर," तो जिन्यावरून म्हणाला. "हेर कुठेच बोटांचे ठसे ठेवत नाही."

आणि तो खाली आला. जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचा धूर निघू लागला. पायपुसण्याखाली त्याने अॅल्युमिनियम फॉइलचे दोन थर घातले, मध्ये भोकं पाडलेला स्पंज. कोणी पाय दिला की खिडकीत लाल दिवा फिरायचा. मग टेबललॅम्प लुकलुकून सांकेतिक निरोप द्यायचा. मुलांनी काचेबाहेरून तितक्याच वेळा हात हलवायचा. बरोबर आलं तर दारातल्या पत्रपेटीच्या फटीतून काढलेल्या पन्हाळीतून चॉकलेट घरंगळत बाहेर. सुट्या भागांची व्यवस्था माझ्याकडे होती.

"रेझिस्टर कुठे गेले?"

"मसाल्याच्या डब्यात. जिऱ्याच्या वाटीत मोठे, मोहरीच्या वाटीत छोटे."

"आणि आज आमटीला फोडणी कशाची?"

चॉकलेट पन्हाळीत अडकलं तेव्हा त्याने शिव्या घातल्या. मला किती बरं वाटलं! उभ्याउभ्या का होईना, तो दोन वेळा जेवत होता. ही युक्ती लागू पडली अशी माझी खात्रीच झाली.

हॅलोविनच्या संध्याकाळी पहिल्या आल्या शेजारच्या दोन मुली, चेटकिणी होऊन. दिवा फिरला, त्या किंचाळल्या, हात हलवले, चॉकलेट बाहेर पडलं. "नोख एन केर!" म्हणजे पुन्हा एकदा. नवरा पडद्याआडून दिवा चालवत होता आणि हसत होता. आवाज करून हसत होता.

तेवढ्यात सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. पुण्यात झोपायची वेळ झाली होती, पण एकट्या घरात त्यांना झोप लागत नसे. त्याने आपणहून फोन खिडकीकडे वळवला.

"हे बघ आई, मी केलंय."

त्यांनी चष्मा लावून फोन जवळ धरला.

"रोषणाई केलीत?"

"आई, हा आपला सण नाही."

"नाही रे, मी कुठे काय म्हणतेय. इकडे मी देवघरातल्या समईशिवाय काही लावलेलं नाही, म्हणून विचारलं." मग त्यांना काहीतरी सुचल्यासारखं झालं. "मुलांना खाऊ दे हो. ह्यांना आवडायचं असलं."

त्याने फोन टेबलावर आडवा ठेवला. भिंतीजवळ जाऊन प्लग ओढला आणि जिना चढून गेला. वरचं दार लागल्याचा आवाज आला. बाहेर चार मुलं अंधाऱ्या काचेपुढे हात हलवत होती. एक, दोन, तीन, पुन्हा एक, दोन, तीन. मी झाऱ्यावर चॉकलेटं ठेवून हात लांब करून त्यांना दिली आणि खिडकीतला भोपळा आत घेतला.

"हॅलो? गेलात का रे?" टेबलावरून आवाज आला. फोन चालूच होता. मी तो उचलला.

"अगं, तो कुठे गेला?"

"वर गेलाय. ऑफिसचा कॉल आला."

"सुट्टीच्या दिवशी? फार काम करून घेतात हो. जेवतो ना नीट?"

"जेवतो."

"झोप लागते?"

"हो, लागते."

"मग झालं. माझं काय, मी आपली आहे. तो ठीक आहे ना, मग मला घोर नाही."

"नाही, घोर करू नका," मी म्हणाले.