टाइम टू टाइम

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भोरच्या डॉक्टरांनी माझ्या मावशीला एवढेच बजावले, "थेंब टाइम टू टाइम घाला." मार्गासनीला पोहोचेपर्यंत तिने ते शब्द आपलेसे केले होते. डोळा वाचायलाच हवा होता. दुसऱ्याने तिला सारे धुक्यासारखे दिसे.

थेंब घालायला मी तिच्याकडे राहिले. मोबाईलवर गजर लावू लागले, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे ते. दुधाचा टेम्पो, शाळंची घंटा, दुपारची एसटी, समदी टाइम टू टाइम येत्यात."

घंटेचा पितळी नाद शेतांवरून तरंगत आला, की मावशी ओसरीवर मान मागे टाकी आणि पापणीआड एक गार थेंब विरघळे. हळूहळू तो शब्दप्रयोग घरभर रुळला. म्हैस टाइम टू टाइम पान्हवे, भाकरी टाइम टू टाइम फुगे. शेजारीण मात्र उसनी साखर टाइम टू टाइम परत करीत नसे.

एके दुपारी एसटी उशिरा आली. काळा चष्मा लावून मावशी रस्त्यात उभी!

"माजा डोळा गेला, तर तुमी भरून देनार व्हय?"

थेंब मी केव्हाच घातला होता. पण कंडक्टरला ते कसे ठाऊक? त्याने हात जोडले. "आज्जे, उद्यापास्नं टाइम टू टाइम!"

तपासणीत डोळा उत्तम निघाला. दवाखान्याच्या पायरीवर, लख्ख उन्हात, मावशी माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"पोरी," ती हळूच म्हणाली, "तुजं केस कवा गं पिकलं?"