मामाच्या पत्रिकेवरची शाई

ही गोष्ट सांगायची मी कितीतरी वर्षं टाळली. विषय निघाला की पाणी प्यायला उठायचो. आता ज्याची ही गोष्ट आहे तो माणूस राहिला नाही, म्हणून लिहायला धीर आला. हाही भित्रेपणाच. पण गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यात अजून कुणी कुणी म्हणतं, त्या दुकानातली शाई पुसली जायची. ते खोटं आहे, आणि ते खोटं माझ्या तोंडून निघालं होतं.

मी निवृत्त शिक्षक. निरोपाच्या दिवशी शाळेतल्या सहकाऱ्यांनी मला धातूचा एक पेन दिला. इतका जड, की खिशाला लावला की सदरा एका बाजूला ओढला जायचा. तरी तो लावल्याशिवाय मी दळण आणायलाही जात नसे. अडचण एकच होती. सोबतची रिफिल संपली आणि तिच्या जागी दुसरी कुठलीच बसेना. एक आखूड, एक जाड. तिसरी बसायची, पण लिहिताना आत पळायची.

कुडव्याच्या वळणावर माझ्याच वयाच्या एका मित्राचं वह्या-पेनांचं दुकान होतं. काउंटरवर मी पेनाचे भाग सुटे करून बसलो की तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "थांबा जी, गुरुजीचं ऑपरेशन सुरू आहे."

दोन आठवडे खपून त्याने बॉलपेनची एक रिफिल शोधली. अगदी मापाची, कागदाची घडीसुद्धा कोंबावी लागत नव्हती. पण माझा जीव अडकला होता जेलच्या रिफिलीत. तिची निळी शाई गडद, अक्षर छापल्यासारखं दिसायचं. लांबीला ती जास्त होती, पण मागून ब्लेडने कापली की बसायची. मुलीचं लग्न ठरलं होतं. गावातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिकांवर नावं मीच घालायचो, मग घरच्या पत्रिकांत कसर कशी ठेवणार?

"पत्रिकेसाठी जेल कायले घेता गुरुजी?" तो म्हणाला. "नाव घातल्यावर बाया ओल्या हळदीचं बोट लावतेत. पाण्यानं उतरते हे शाई. बॉलची घ्या."

"जन्मभर फळ्यावर लिहिलं मी. तू मला शिकवतोस का?"

"फळ्यावरचं तं पुसाचंच असते जी," असं म्हणून त्याने जेलची रिफिल काढून दिली. ब्लेडही त्याचंच.

दोन दिवस मान मोडून मी नावं घातली. नंतर बायको आणि शेजारच्या दोघी वाटीत हळद-कुंकू कालवून बसल्या. बोट बुडवायचं, पत्रिकेच्या कोपऱ्यांना लावायचं, पत्रिका गठ्ठ्यावर ठेवायची. वाळू द्या म्हणायला मी तिथे नव्हतो. पाहुण्यांना माझं अक्षर दाखवत पुढच्या खोलीत बसलो होतो.

पहिली पत्रिका देवाला, दुसरी मुलीच्या मामाला. हा माझा साळा, कोहमाऱ्याच्या चौकात त्याचा ढाबा. पत्रिकांची पिशवी सोबत घेऊन मी सकाळीच दुचाकीवर निघालो. त्याने पाच-सहा ट्रकवाल्यांच्या देखत पत्रिका हातात घेतली. नावाच्या जागी निळा-पिवळा डाग होता. गठ्ठ्यात वरच्या पत्रिकेची ओली हळद ओघळून खालच्या नावाला लागली होती.

"काऊन जी भाऊजी, आमचं नाव पुसूनच आणलं का? मामा पायजे का नाई लग्नात?"

तो हसत होता, पण चहा सांगत नव्हता. लग्नात मुलीला बोहल्यावर आणायचं ते मामाने. तो रुसला असता तर बायकोने मला घरात घेतलं नसतं. आणि एवढ्या माणसांत, मीच हट्टाने आणलेली शाई उतरली, हे सांगायची जीभ होईना.

"दुकानदारानं डुप्लिकेट रिफिल दिली," मी म्हणालो. "कुडव्याचा. ओळखीचाच आहे, पण फसवलं."

लगेच चहा आला. सोबत भजीही.

ढाब्यावर बोललेलं कुठवर जातं, ते मला कळायला हवं होतं. बारावीच्या परीक्षा तोंडावर होत्या. त्या दुकानातल्या पेनाने लिहिलं तर पेपर कोरा होतो, इथपर्यंत बोलणं गेलं. आईबाप लेकरांसाठी पेन गोंदियातून आणू लागले. मी ऐकत होतो.

लग्नाला माझा तो दुकानदार मित्र आला. मांडवात साळ्याने त्याला मोठ्याने हाक मारली, "या जी, पुसणाऱ्या शाईचे सेठ!" लोक हसले. माझे व्याही माझ्या शेजारीच उभे होते. मित्राने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग साळ्यापुढे हात जोडले.

"चूक झाली मामाजी. मालच खराब आला होता."

आणि माझ्याकडे वळून, "गुरुजी, सकाळपासून उपाशी असाल. काही खाऊन घ्या."

लग्न नीट पार पडलं. त्याच्या दुकानातले पेन मात्र पुढच्या काचेतून मागच्या फळीवर गेले, मग फळीवरूनही गेले. काचेत मोबाइलची कव्हरं आली, बाजूला झेरॉक्सचं मशीन. मी दर आठवड्याला माफी मागायला जायचो आणि रिफिल घेऊन परत यायचो. घरी बिस्किटांचा डबा भरला. बायको म्हणायची, "पेन एक अन् रिफिली शंभर. तुमाले पुरून उरतीन." तोही विचारायचा, "पोथी लिवून राहिले का गुरुजी?" खरं काय ते त्याने कधीच काढलं नाही. काढलं असतं तर सोपं गेलं असतं.

मग तो दुकान विकून मुलाकडे रायपूरला निघाला. मी भर दुपारी गेलो तेव्हा टेम्पोत सामान चढत होतं. वाक्य रस्ताभर घोकलेलं होतं.

"उन्हात काऊन आले जी?" त्याने विचारलं.

"एखादी रिफिल होती का?" मी म्हणालो.

बांधलेलं खोकं त्याने सोडलं, वाकून शोधत राहिला, आणि मापाची एक माझ्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी हात हलवला. वर्षाच्या आत रायपूरहून तो गेल्याची बातमी आली.

ते वाक्य काही मोठं नव्हतं. भाऊ, तुझी रिफिल चांगली होती, मला तू सांगितलंही होतंस, आणि मी तुझं नाव घालवलं. मला माफ कर.