कुंडलिक सरांचा हात

लोक विचारतात, गुणाजी, तुझं आणि कुंडलिक सरांचं जुनं ना रे? जुनं म्हणजे काय, सत्तावीस वर्षांचं. ठाण्याच्या या ऑर्केस्ट्रात आम्ही दोघं एकाच आठवड्यात लागलेलो. मी कीबोर्डवर, तो क्लॅरिनेटवर. तेव्हा तो कुंडल्या होता आणि मी गुण्या. पुढे तो सर झाला. मी गुण्याच राहिलो. आता बोला!

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत तो फिटर होता. पहिली पाळी करायची, वर्तकनगरला घरी येऊन अंघोळ करायची आणि एका म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्याकडे नोटेशन शिकायला जायचं, असं त्याने चार वर्षं केलं. त्या म्हाताऱ्याने मलाही बोलावलेलं. मी म्हटलं, मला कानाने येतं, कागद कशाला? तिथेच मी माती खाल्ली. जुने कंडक्टर गेले तेव्हा मालकांनी विचारलं, चौदा वादकांना कागद लिहून कोण देणार? कुंडलिक म्हणाला, मी देतो. झालं. तेव्हापासून तो पांढरा कोट घालून पुढे उभा आणि मी त्याच्यासमोर बसलेला.

आणि कंडक्टर करतो काय, हे मला कुणीतरी समजावून सांगा. एक-दोन-तीन-चार म्हणतो, हात हलवतो. बोटं आमची दुखतात, घाम आमचा निघतो, आणि टाळ्या पडल्या की हा वळून कमरेत वाकतो. आयत्या बिळावर नागोबा! माझी बायको मीराबाई तोंडावर सांगायची, "तुमच्या पोटात दुखतं." दुखायचंच! नाही म्हणायला मी काय संत आहे?

बरं, माणूस वाईट असता तर निदान शिव्या घालता आल्या असत्या. तेही नाही. प्रत्येकाच्या कागदावर वर त्याचं नाव, छापल्यासारख्या अक्षरात. मला नोटेशन वाचता येत नाही म्हणून माझ्यापुरता कागद सा-रे-ग-म मध्ये लिहायचा. इतक्या वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाही. त्याचा तर मला जास्तच राग यायचा.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास ते अक्षर बारीक व्हायला लागलं. ओळ सुरू व्हायची ठीक आणि संपेपर्यंत मुंगीएवढी. मग विंगेत त्याची बायको, मालनवहिनी, त्याच्या कोटाची बटणं लावताना दिसल्या. मग हात. उजवा हात वर धरून थांबला की थरथरायचा. डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळ्या वेळेवर, उभं राहणं कमी, टेन्शन नको.

खोटं कशाला बोलू, मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तोंडाने मी "अरेरे" म्हटलं. वहिनींना ओळखीच्या डॉक्टरचा नंबरही दिला. पण मनात हिशेब एकच: चौदा एप्रिल.

वर्तकनगरच्या मैदानात बाबासाहेबांच्या जयंतीचा आमचा कार्यक्रम असतो. कुंडलिकची स्वतःची वस्ती. म्हातारीकोतारी खुर्च्या धरून बसतात, पोरं कंपाउंडवर चढतात, आणि कार्यक्रम संपला की कंडक्टरला स्टेजवरून खाली उतरू देत नाहीत. बावीस वर्षं मी ते कीबोर्डमागून बघत आलोय. एकदा, फक्त एकदा मला तिथे पुढे उभं राहायचं होतं. मालक आता थकलेत, कारभार त्यांचा मुलगा प्रफुल्ल बघतो. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही. सरळ त्याच्याकडे गेलो. "प्रफुल्ल, सरांना या वर्षी झेपायचं नाही. मी उभा राहतो."

"काका, कार्यक्रम तर मस्त चाललेत," प्रफुल्ल म्हणाला. "सर म्हणतील तसं."

हीच तर गंमत! कार्यक्रम खरंच मस्त चाललेले. दिवाळीनंतर कल्याणला झाला, भिवंडीला झाला, घोडबंदर रोडच्या दोन सोसायट्यांमध्ये झाला. हात लटलट हलतोय आणि ठेका मात्र दगडासारखा पक्का. लोक भेटायला यायचे, "एवढ्या आजारपणात काय लय सांभाळतात हो सर!" मी शेजारी केबल गुंडाळत उभा. नुसता जळफळाट. देव तरी किती देतो एकेकाला, आजारसुद्धा शोभून दिसणारा!

मार्चमधल्या एका रविवारी डोंबिवलीच्या नाट्यगृहात दुपारचा प्रयोग होता. हाउसफुल. मध्यंतरानंतर स्वप्नाचं गाणं. स्वप्ना आमची मुख्य गायिका. त्या गाण्यात अंतऱ्यानंतर सगळी वाद्यं थांबतात, स्वप्ना एकटीच एक ओळ लांबवत नेते, आणि कंडक्टरचा हात खाली आला की आम्ही सगळे एकदम समेवर येतो. कुंडलिकने हात वर धरला. हात थरथरला. नुसता थरथरला, खाली आला नव्हता. मला ते स्पष्ट दिसत होतं. ती ओळ मला झोपेत ऐकवली तरी मी बरोबर जागी येईन.

आणि तरी मी मान हलवली आणि कीबोर्डवर दोन्ही हात टाकले.

मला वाटलेलं, मी एकटा आधी येईन, फार तर एखाददुसरा गडबडेल, लोकांना सरांचा हात दिसेल आणि प्रफुल्लचे डोळे उघडतील. एवढंच. पण माझ्याबरोबर ढोलकी आली, ऑक्टोपॅड आला, सॅक्सोफोन आला, चौदाच्या चौदा जण धाडकन आले. स्वप्नाची ओळ अर्ध्यात चिरडली गेली. ती वळून बघायला लागली. कुंडलिक घाबरला, त्याचा हात आणखी भराभर हलायला लागला, आणि मी, मेला मी, त्या हाताबरोबर पळालो. सगळे माझ्यामागे पळाले. मागून शिट्ट्या आल्या. कुणीतरी ओरडलं, "अरे काय, गाडी पकडायचीय काय?" अख्खं थिएटर हसलं. कुंडलिकने हात खाली घेतला आणि कोटाच्या खिशात घातला.

सामान भरताना आमचा ढोलकीवाला दौलत माझ्याजवळ आला. "गुणाभाऊ, तुम्ही असं कसं केलंत?"

मी उसळलो. "कंडक्टरचा हात बघायचा नाही तर काय तुझं तोंड बघायचं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला.

तिसऱ्या दिवशी कुंडलिकचा फोन आला, घरी ये. मी राहायला डोंबिवलीतच. तिथून निघालो, शीळफाट्याला पाऊण तास अडकलो, आणि त्या पाऊण तासात मी काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं. तू आराम कर, मी आहे ना, वगैरे.

दार वहिनींनी उघडलं. "जय भीम भावजी, या. वाटच बघतायत." कुंडलिक खिडकीजवळ बसलेला. वहिनींनी त्याला अर्धा ग्लासच चहा दिला, सांडू नये म्हणून. तो दोन्ही हातांनी धरून प्यायला. मग म्हणाला, "गुण्या, माफ कर रे मला."

मी म्हटलं, "कशाबद्दल?"

"तुझी फजिती झाली माझ्यामुळे. अरे, दिवाळीतच मला कळलेलं, या हाताचं आता खरं नाही. मी सगळ्यांना एकेकट्याला गाठून सांगितलं, माझ्या हाताकडे बघू नका, गुणाजीच्या मानेकडे बघा. तो मान हलवतो तीच लय. तेव्हापासून ऑर्केस्ट्रा तूच चालवतोयस. मी आपला कोट घालून उभा."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुला काय सांगायचं? तू कधी माझ्या हाताकडे बघितलंयस? तुला सगळं आतून येतं. सांगितलं असतं तर उगाच जपून वाजवायला लागला असतास. पण त्या दिवशी हात एवढा हलला की तूसुद्धा फसलास. तुला आधी सांगितलं असतं तर सावध राहिला असतास. चूक माझीच आहे. दौलतला आणि बाकीच्यांनाही मी तसंच सांगितलंय." त्याने ग्लास बाजूला ठेवला. "प्रफुल्लशी बोललोय. जयंतीला तू उभा राहा."

म्हणजे कल्याणच्या टाळ्या माझ्या होत्या. भिवंडीच्या माझ्या. घोडबंदरच्याही माझ्याच. चार महिने मी माझ्याच टाळ्यांवर जळत होतो.

आता बोल, गुणाजी, मी स्वतःला म्हटलं. आता सांग, मी फसलो नाही रे, मी मुद्दाम केलं. तोंड उघडलंही. वहिनी समोर बसलेल्या, हातात त्याचा पांढरा कोट. म्हणाल्या, "भावजी, खांद्यात थोडा आवळून देते. तुम्हाला बरोबर बसेल."

मी म्हटलं, "बरं. राहतो उभा."

जिना उतरताना पहिल्यांदा मला त्याच्या टाळ्यांचा, कोटाचा, 'सर' म्हणवण्याचा, कशाचाच हेवा वाटला नाही. हेवा वाटला तो एकाच गोष्टीचा. चूक नसताना तो माफी मागून मोकळा झाला, आणि मला माझी, माझी स्वतःची, मागता आली नाही.