सामंतसाहेबांचे ठिपके

"ही घाण कोणी केली?" नकाशा समोर आला की सामंतसाहेबांचा पहिला प्रश्न हाच. मग घडीचा रुमाल काढून आधी चष्मा पुसायचा, नंतर स्क्रीन पुसायचा, आणि माउस हातात घेऊन माणसं हलवायला बसायचं. हो, माणसंच! पेणला आमचं नकाशांचं लहानसं ऑफिस. खाली गणपतींचा कारखाना, वर आम्ही. खालचे कारागीर मूर्तीचे डोळे आखताना श्वास रोखून धरायचे. आमचे साहेब मात्र शिट्टी वाजवत वस्त्याच्या वस्त्या सरकवायचे.

त्यांची युक्ती सांगते. जनगणना गावाचा आकडा देते, घरं गावात कुठे आहेत ते सांगत नाही. तो आकडा गावाच्या हद्दीला जोडला की कॉम्प्युटर हद्दीच्या आत वाटेल तिथे ठिपके टाकतो, एका ठिपक्यामागे ठरावीक माणसं. काही शेतात पडतात, काही थेट खाडीत. म्हणून नकाशाखाली लिहायचं असतं की बाबांनो, आकडे अमुक जनगणनेचे, आणि ठिपका म्हणजे घर नव्हे. साहेब नेमकी तीच ओळ उडवायचे. "खालचं कोण वाचतं गं? आकडा सरकारचा, नकाशा माझा." डोलवीकडे पोलाद कंपनीच्या कंत्राटी कामगारांनी खोल्या भरून गेल्या, तरी यांच्याकडे जुनाच आकडा. पण रंग असा झकास द्यायचे की रोह्याच्या सरकारी मीटिंगमध्ये सगळे माना डोलवायचे. मला संताप यायचा.

खाडीकडचे ठिपके त्यांना बघवत नसत. ते उचलून गावठाणात नेऊन टाकायचे. बेरीज तीच राहायची, त्यामुळे कोणाला कळायचंही नाही. पण त्या भागात माझ्या मावशीची वाडी आहे, खाडीच्या बांधापलीकडे, मिठागराच्या कडेला. आणि तो नकाशा चालला होता नळयोजनेला. ठिपके दिसतील तिथवर पाइप जाणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मी उपग्रहाचा फोटो उघडून वाडीची छपरं दाखवली. म्हटलं, "साहेब, ठिपके हलवायचेच तर घरं आहेत तिथे हलवा."

"मिठागरावरची खोपटी ती. हंगाम संपला की जातात."

"कुठे जातात? माझी मावशी बारा महिने तिथेच राहते."

"नातेवाईक आणून नकाशे होत नाहीत."

तरी हट्टाने नेलंच मी त्यांना. ऊन रणरणत होतं. गाडीतून उतरले, बुटाला चिखल लागला म्हणून तोंड वाकडं केलं, आणि मावशीच्या ओटीवर टेकले. तिने तांब्या पुढे केला. गृहस्थाने घटाघटा तो रिकामा केला, वर दुसरा मागितला.

"गोड आहे की पाणी! मग नळ कशाला हवा?"

मावशी म्हणाली, "गावातना डोक्यावर आनलाय, साहेब. बांधावरना."

"वा! तेवढाच व्यायाम." रुमालाने मिशी पुसून साहेब हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते. संध्याकाळी ऑफिसात त्यांनी वाडीवरचे उरलेसुरले ठिपकेही गावठाणात नेले आणि नकाशा पाठवून दिला. पाइप बांधाच्या अलीकडेच थांबला.

गेल्या वर्षी साहेब गेले. ऑफिसात शोकसभा झाली. फोटोशेजारी तोच नकाशा चौकटीत लावून त्याला हार घातला होता. देवमाणूस, कलावंत, काय काय बोलत होते लोक! मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, "या नकाशात माझ्या मावशीचं घर नाही. ते यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकलं, आणि तिचं पाणी पिऊन आल्यावर काढलं." मी चपला घातल्या आणि तडक वाडी गाठली.

मावशी बांधावरून येत होती, डोक्यावर हंडा. मी हात लावून तो उतरवला आणि साहेब गेल्याचं सांगितलं.

"कोन गो? त्यो पानी पिऊन गेलेला?"

"व्हय."

तिने पदराने तोंड पुसलं. मग विचारलं, "मंग आता येल का गो नळ?"